प्रवेशाच्या आधीचे वर्ष

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. यवतमाळ जिल्ह्यात त्याच सुमारास खरिपाची जुळवाजुळव सुरू होते. कपाशीचे बियाणे, सोयाबीनचे बियाणे, खताच्या पिशव्या, पीक कर्जासाठी बँकेत चकरा. जून-जुलैत घरातला होता नव्हता तो पैसा जमिनीत जातो आणि नेमके त्याच आठवड्यांत फॉर्म भरायचे, दाखले काढायचे, फी भरायची असते. बाप वावरात, माय निंदणाला, आणि अठरा वर्षांचे पोर तहसीलच्या आवारात सेतू केंद्रापुढच्या रांगेत. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच असेल, तर कोणता कागद कशासाठी लागतो हे सांगणारे घरी कुणी नसते.

नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठात कसे सामावून घ्यावे यावर देशात गेल्या काही वर्षांत बराच विचार झाला, नियम झाले. पण तो सगळा विचार विद्यार्थी वर्गात येऊन बसल्यानंतरचा आहे. वर्गापर्यंतची वाट कशी चालायची, हे शिकवणारा तास कुठल्याच वेळापत्रकात नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात तो तास सगळ्यात आधी हवा, आणि तो अकरावीतच हवा, असे माझे ठाम मत आहे. या प्रकरणात त्याची कारणे सांगायची आहेत.

आधी विद्यापीठ म्हणजे कुठले, ते पाहू. जिल्ह्यातली कॉलेजे १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ झाले आणि यवतमाळ त्याच्याकडे आले. आज ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. पण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला नंबर लागला, तर विद्यापीठ नाशिकचे, म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कृषी पदवीला गेलात तर अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. बीए, बीकॉम, बीएस्सीचा प्रवेश बारावीच्या गुणांवर कॉलेजात होतो. अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी, विधी यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या राउंडमधून होतात.

कॅपमध्ये एक बारकावा आहे, तो उशिरा कळला तर काही करता येत नाही. अभियांत्रिकीच्या जागा वाटताना अनेक वर्षे चालत आलेला नियम सत्तर-तीसचा आहे. सत्तर टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातून बारावी झालेल्यांना, तीस टक्के बाहेरच्यांना. तुमचे 'होम युनिव्हर्सिटी' कोणते, हे बारावी कुठून झाली त्यावर ठरते. दहावीनंतर क्लाससाठी लातूरला किंवा नागपूरला गेलेला पुसदचा मुलगा अमरावती विद्यापीठाच्या यादीत बाहेरचा ठरतो. त्याचे नुकसानच होते असे नाही, जिथून बारावी केली तिथली दारे त्याला जास्त उघडी होतात. पण हा निर्णय आपण घेत आहोत हे दहावीनंतरच कळायला हवे.

आता कागदांकडे येऊ. टीसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला ही नेहमीची यादी. मध्ये वर्ष वाया गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन. हे दाखले वेळ खातात, पण मिळतात. इथे दोन गोष्टी माहीत असल्या तर पैसे वाचतात. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने स्वतःच सही केलेल्या झेरॉक्स प्रती आणि स्वयंघोषणापत्र चालू लागले, तेव्हा राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी सरसकट दारोदार फिरायचे कारण राहिले नाही. आणि जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क शासनाने माफ केलेले आहे. तरी 'स्टॅम्प आणा' म्हणणारे भेटतात.

खरी अडचण असते व्हॅलिडिटीची. 'मॅडम, कास्ट सर्टिफिकेट तर हाये, आता हे व्हॅलिडिटी काय असते जी?' हा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर दर उन्हाळ्यात येतो, आणि तो बरोबरच आहे. तहसीलमधून मिळते ते जात प्रमाणपत्र. ते खरे आहे की नाही, याची वेगळ्या समितीने केलेली पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी. राज्याचा यासंबंधीचा कायदा ऑक्टोबर २००१ मध्ये लागू झाला. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा माधुरी पाटील खटल्यातला निकाल आहे. तो महाराष्ट्रातलाच, आणि वैद्यकीय प्रवेशातूनच उभा राहिलेला. महादेव कोळी जमातीचा दावा करून घेतलेल्या प्रवेशाचा प्रश्न होता. खऱ्या आदिवासी मुलाची जागा खोट्या दाखल्यावर दुसऱ्याने बळकावू नये, यासाठी न्यायालयाने पडताळणी समिती, दक्षता पथक, घरी जाऊन चौकशी अशी सगळी पद्धत घालून दिली. हेतू अगदी योग्य होता. पण तिचा भार ज्याचा दावा खरा आहे त्याच्या खांद्यावरही तितकाच पडतो, आणि ज्याच्या घरात कागद नाही त्याच्या खांद्यावर सगळ्यात जास्त.

या पडताळणीत काही तारखांना फार महत्त्व असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या मानीव तारखांना किंवा त्याआधी आपले कुटुंब कुठे राहत होते आणि जात काय नोंदली होती, याचा पुरावा मागतात. म्हणजे २००७ साली जन्मलेल्या मुलीने आपल्या आज्या-पणज्याचा कागद शोधायचा. तो सापडतो तो बहुधा दोनच ठिकाणी. एक, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर. दुसरे, कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची वही, जी आता तहसीलच्या अभिलेख कक्षात असते.

दाखल-खारीज रजिस्टर एकदा तरी हातात घेऊन पाहावे. आडवी मोठी वही, कडा कुरतडलेल्या, पाने पिवळी पडून ठिसूळ झालेली, शाई कुठे जांभळी तर कुठे तपकिरी. एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल कधी झाला, नाव कधी कमी केले आणि का. 'का'च्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द असतो, 'गैरहजर'. दुसरीत असताना नाव कमी झालेल्या त्या मुलाची ती एक ओळ आज त्याच्या नातीला इंजिनिअरिंगला नेऊ शकते. तो शाळेत आठ दिवस बसला की दोन वर्षे, याला इथे महत्त्व नाही. गुरुजींनी जातीच्या रकान्यात काय लिहिले, ते महत्त्वाचे. एका गुरुजींनी 'गोंड' लिहिले, दुसऱ्यांनी 'राजगोंड', तिसऱ्यांनी नुसते 'हिंदू', तर तीन पिढ्यांनंतर समितीपुढे खुलासा करत बसावे लागते.

ज्याचा आजा शाळेतच गेला नाही त्याचे काय? झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. पोडावर १९५० साली शाळाच नसेल, तर शाळेचा दाखला कुठून येणार? अशा वेळी कोतवाल बुक, जमिनीचे जुने कागद आणि वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाची आधी झालेली व्हॅलिडिटी यांचा आधार असतो. चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र घरात असेल तर पुतण्याचे काम कितीतरी सोपे होते. म्हणून पहिल्याने काढलेली व्हॅलिडिटी ही सगळ्या भावकीची मिळकत असते, ती लॅमिनेट करून पेटीत ठेवावी.

यवतमाळचा इतिहास यात आणखी एक पेच घालतो. १९७६ पर्यंत विदर्भात अनेक जमातींना 'अनुसूचित' हा दर्जा फक्त काही तालुक्यांपुरता होता. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढेच तालुके त्या यादीत होते. पुसद किंवा दारव्ह्याकडचा गोंड त्याच जमातीचा, तेच देव मानणारा, पण कागदावर आदिवासी नव्हता. संसदेने १९७६ मध्ये कायदा करून हे क्षेत्रबंधन उठवले. त्या बंधनाच्या काळात सवलत मिळतच नव्हती, म्हणून दाखला काढायची गरज कुणाला वाटली नाही. आता नातवंडांना तोच काळ आड येतो.

आणि पैनगंगेचे काय सांगावे! नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद. सोयरिकी दोन्ही काठांवर. बंजारा समाज अलीकडे विमुक्त जाती 'अ' गटात, पलीकडे अनुसूचित जमातीत. ज्या राज्यात कुटुंब मूळचे, तिथलाच आरक्षणाचा हक्क, आणि जात बापाकडून धरायची, हे नियम ज्याला ठाऊक नाहीत त्याने मामाच्या गावचा कागद जोडला की अर्ज त्रुटीत निघालाच.

एक दिलासा अलीकडचा आहे. जमातीच्या दाव्यात पूर्वी 'आप्तभाव चाचणी'वर फार भर असे. तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मेल्यावर काय करता, अशी प्रश्नावली असायची. शहरात वाढलेल्या मुलाला ते सांगता आले नाही की दावा डळमळायचा. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात सांगितले, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुना कागदोपत्री पुरावा भक्कम असेल तर त्याला महत्त्व द्यायचे. म्हणजे पुन्हा आपण त्या पिवळ्या रजिस्टरापाशीच येतो.

विमुक्त, भटक्या आणि ओबीसी विद्यार्थ्याला याशिवाय नॉन-क्रिमीलेअर लागते. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे. हा दाखला ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीचा असतो, हे न पाहता मुदत संपलेला अपलोड केला तर अर्ज खुल्या प्रवर्गात मोजला जातो. व्हॅलिडिटी हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र यांवर तात्पुरता प्रवेश मिळतो. पण ठरलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आले नाही तर आरक्षणाची जागा जाते. काही वर्षी शासनाने मुदत वाढवून दिली आहे. त्या भरवशावर मात्र कुणी राहू नये.

नावाचा घोळ वेगळाच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर नाव आधी. मडावी या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर 'व्ही', दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. घरी बसून वाचताना हे किरकोळ वाटते. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आणि मिळवलेली क्रेडिट्स जमा राहतात त्या क्रेडिट बँकेचे खाते उघडताना आधार आणि गुणपत्रिका जुळत नाहीत, आणि सगळे तिथेच थांबते. बँक खात्याला आधार जोडलेला नसेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही जमा होत नाही. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना वर्गशिक्षकाने पाच मिनिटे काढून दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, तर पुढचे दोन महिने वाचतात.

पैशाबद्दल लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त सोयी आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. दारव्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण एसटी बसच्या बाबतीत उलटे होते. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच. कॉलेजला गेल्यावर विद्यार्थी सवलतीचा पास काढावा लागतो, एक तृतीयांश पैसे भरून, आणि त्यासाठी आधी कॉलेजचे बोनाफाईड हवे. पहिल्या महिन्यात मुली का येत नाहीत, असे विचारणाऱ्या प्राध्यापकांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

एवढे सगळे पार करून मुलगा वर्गात आला की त्याची ओळख-परेड न होता ओळख व्हावी, यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांचा प्रेरण कार्यक्रम आखला. त्याआधी गांधीनगरच्या आयआयटीने २०११ मध्ये पाच आठवड्यांचा असा प्रयोग केला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाने तो इतर शाखांसाठीही आणला. कल्पना सुंदर आहे. पहिले काही दिवस पुस्तक नाही. सकाळी व्यायाम, खेळ, चित्र किंवा गाणे, वाचन, लहान गटात एका शिक्षकाबरोबर मोकळेपणी बोलणे, आसपासच्या परिसराची भेट, विभागाची ओळख. गटाचा शिक्षक पुढेही त्या मुलांचा पालक-शिक्षक राहावा, अशी अपेक्षा.

पण कॅपचे राउंड महिनोन्‌महिने चालतात. पहिल्या राउंडला आलेला मुलगा दीक्षारंभाला बसतो. शेवटच्या राउंडला, किंवा व्हॅलिडिटीच्या चकरा संपवून आलेला मुलगा येतो तेव्हा हारतुरे, भाषणे उरकून प्रात्यक्षिके सुरू झालेली असतात. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच वाट्याला हा कार्यक्रम येत नाही. उशिरा आलेल्यांसाठी दुसरी फेरी घेणे काही अवघड नाही. दोन शिक्षक, एक लिपिक, दोन जुने विद्यार्थी आणि एक शनिवार पुरतो. त्यात सभागृहातले भाषण नको. ग्रंथालयाचे कार्ड कसे मिळते, अंतर्गत गुण कसे देतात, पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे किती, तक्रार कुणाकडे करायची, एवढे समोर बसवून सांगावे.

वैद्यकीयची गोष्ट निराळी आणि मला फार आवडणारी. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो. त्यात प्रथमोपचार आहे, संगणक आहे आणि स्थानिक भाषाही आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात अखिल भारतीय कोट्यातून परराज्यातली मुले येतात. त्यांच्यापुढे येणारा रुग्ण वऱ्हाडी बोलतो, बंजारा तांड्यावरचा गोरमाटी बोलतो, पोडावरची म्हातारी कोलामी. इथे जिल्ह्याने विद्यापीठाला समजून घ्यायचे नसते; डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने जिल्हा समजून घ्यायचा असतो. बाकीच्या कॉलेजांनीही परिसर भेटीचा दिवस धबधब्यावर न घालवता असा एखाद्या तांड्यावर, एखाद्या जिनिंगमध्ये घालवला तर काय हरकत आहे?

कलाशाखेच्या मुलांपुढे २०२४ पासून नवा प्रश्न आहे. नवे शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत आले आणि फॉर्मवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे रकाने आले. मुले मित्राने जे टाकले तेच टाकतात. निदान इतके तरी त्यांना सांगावे, की ज्यात पुढे एमए करायचे ते मेजर, आणि मिळवलेली क्रेडिट्स क्रेडिट बँकेत सात वर्षांपर्यंत राहतात. पुसद, महागावकडचे कुटुंब ऊसतोडीला गेले आणि पोराचे सत्र बुडाले, तरी मिळवलेले बुडत नाही. एक वर्षावर प्रमाणपत्र, दोनवर पदविका, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स, अशा पायऱ्या आहेत.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावे लागते. पालक ते न वाचता अंगठा देतात. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा आकडा मुलाच्या मोबाइलमध्ये घरीच टाकून द्यावा.

प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे नंबर लागला तर? हा प्रश्न मुले भीतभीत विचारतात, कारण 'ओरिजिनल आमच्याकडेच राहतील' असे त्यांना सांगितले गेलेले असते. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मूळ कागदपत्रे तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवता येत नाहीत. फीच्या परताव्याचा तक्ताही त्यात आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश सोडला तर शंभर टक्के, त्यानंतर नव्वद, तारीख उलटून पंधरा दिवसांत ऐंशी, पंधरा ते तीस दिवसांत पन्नास. बियाण्यासाठी काढलेल्या पैशातून फी भरलेल्या बापाला हा तक्ता माहीत असला पाहिजे.

यवतमाळमध्ये या सगळ्याची सुरुवात लवकर करता येते, हे काही तरुणांनी दाखवले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातून आलेले, घराण्यात पहिल्यांदा शिकलेले राजू केंद्रे यांनी २०१७ च्या सुमारास यवतमाळातच 'एकलव्य'चे काम सुरू केले. ग्रामीण कॉलेजांतल्या मुलांना देशातल्या नामवंत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा, अर्ज, निबंध, मुलाखती यांची तयारी करून द्यायची आणि आधी तिथे पोचलेल्या ताई-दादांनी मागून येणाऱ्यांना सांगायचे, अशी त्याची रीत. त्यांनी ज्या मुलांबरोबर काम केले त्यांना बुद्धी कमी नव्हती. असे विद्यापीठ आहे, त्याला असा अर्ज करतात, एवढे सांगणारे माणूस नव्हते.

तेच माणूस कनिष्ठ महाविद्यालयात आणि आश्रमशाळेत असायला हवे. व्हॅलिडिटीचा प्रस्ताव अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजच्या पत्रासह पाठवायची सोय आहे. जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद असे आदिवासी विकासाचे दोन प्रकल्प आहेत, त्यांच्या आश्रमशाळांत बारावीपर्यंतचे वर्ग आहेत. दिवाळीच्या सुट्टीत अकरावीच्या मुलांनी घरी जाताना एकच काम न्यावे: आजा कोणत्या गावी शाळेत होता ते विचारून यायचे. डिसेंबरात शिक्षकाने त्या शाळांची यादी करून दाखल-खारिजच्या नकला मागवाव्यात. जानेवारीत वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र, फेब्रुवारीत प्रस्ताव. तहसीलमध्ये तेव्हा गर्दी नसते, तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनाम्यांत अडकलेले नसतात, आणि कापूस विकून घरात चार पैसेही आलेले असतात.